दोन कोटी सत्तर लाख एक्केचाळीस हजार सत्तावीस

ही संख्या मला पाठ आहे. स्वतःच्या लग्नाची तारीख सांगताना मी अडखळतो, पण २७०४१०२७ कधीही विचारा. ती तेराने निःशेष जाते. सत्तेचाळीसनेही जाते. दोन्हींनी भागल्यावर येते ४४२५७, आणि ही संख्या मात्र कशानेच जात नाही. हे पक्कं करायला मला तीन रविवार लागले. एकशे नव्व्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी मी तिला भागून पाहिलं. बायको ओट्यावर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आता तिचे कितीबी तुकडे करा, त्या दिवसाचं काई होनार हाय का?"

काही होणार नव्हतं. पण माणूस जिथे पडतो तिथलीच जमीन पुन्हा पुन्हा चाचपतो. मला अजूनही त्या संख्येची भीती वाटते, आणि हे सांगायला आता लाजही वाटत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून नुकताच वेगळा झाला होता. मी आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामावर होतो. लोक सरळ 'मलेरियावाला' म्हणत. दर पंधरा दिवसांनी माझ्या वाट्याच्या गावांतून सायकलवर फिरायचं, ज्याला ताप आहे किंवा येऊन गेला आहे त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि पट्ट्या आरोग्य केंद्रात पोचवायच्या. तिथे लॅबवाले सूक्ष्मदर्शकातून पाहत. ज्याच्या रक्तात जंतू सापडले त्याची चिठ्ठी आठ-दहा दिवसांनी माझ्या हातात पडायची. मग त्या माणसाला शोधून पक्कं औषध द्यायचं. तापाचा जंतू साधा असला तर घाई नसे. पण मेंदूवर जाणारा असला तर माणूस सकाळी बोलतो आणि संध्याकाळी ओळख देत नाही. अशा माणसाला गोळ्यांवर ठेवून भागायचं नाही, उचलून केंद्रात आणावं लागे.

माझ्याकडच्या जंगलातल्या गावांत एक अडचण होती. तिथले लोक रक्त देत, पण नाव देत नसत. रक्त आणि नाव एकाच काचेवर गावाबाहेर गेलं तर माणूस दुसऱ्याच्या मुठीत गेला, असं त्यांचं म्हणणं. सत्तावीस नंबरच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने मला पहिल्याच फेरीत स्पष्ट सांगितलं होतं, "भाऊ, रगत ने. नाव इथीच राहू दे." बाकीचे कर्मचारी अशा वेळी मनाला येईल ते नाव लिहीत. केंद्राच्या रजिस्टरात एकाच गावात अकरा सोमा निघाले होते. मला असल्या गबाळेपणाची चीड होती. मी तेव्हा तापट होतो, आणि गणितात हुशार असल्याचा माज होता तो वेगळाच.

म्हणून मी माझी पद्धत काढली. नाव नाहीच, फक्त आठ आकडी संख्या. पहिले दोन आकडे गावाचे. पुढचे तीन घराचे. घराच्या भिंतीवर मी स्वतः गेरूने नंबर टाकले होते. पुढचे दोन घरातल्या माणसाचे: कर्ता पुरुष ०१, त्याची बायको ०२, मग मुलं, म्हातारी माणसं. आणि शेवटचा आकडा ताळ्याचा. नवाचा ताळा आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत: आकड्यांची बेरीज करत जायचं, एकच आकडा उरेपर्यंत. तो उरलेला आकडा मी शेवटी चिकटवत असे. लॅबवाल्यांनी वाचताना एकाचा सात केला किंवा तीनचा आठ केला, की ताळा जुळणार नाही आणि चूक तिथेच पकडली जाईल. संख्या स्वतःच स्वतःची राखण करेल, असं मी सगळ्यांना ऐकवत फिरत असे.

आमचे लॅबवाले सिरोंच्याकडचे, तेलुगू घरातले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. एका पायाने लंगडत. ते मला 'लेक्कल मास्तर' म्हणत. लेक्कल म्हणजे तेलुगूत हिशेब. पद्धत पाहून ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, छान आहे. पण नाव पण लिहा हो. खोटं असू दे, पण नाव लिहा. माणूस आकड्यात मावत नाही."

मी मनात म्हटलं, काकांना गणित झेपत नाही.

खरं तर मला सातवीत गुरुजींनी अकराची कसोटीही शिकवली होती. एकाआड एक आकडे घेऊन दोन बेरजा करायच्या आणि एकीतून दुसरी वजा करायची. ती कसोटी आकड्यांच्या जागासुद्धा पाहते. नवाचा ताळा जागा पाहत नाही. त्याला चौदा काय आणि एक्केचाळीस काय, दोन्ही पाचच. हे मला माहीत होतं. पण मी विचार केला, आकड्यांची जागा बदलायला मी काय आंधळा आहे? दुसरे चुकतील, मी कशाला चुकतो? ताळा दुसऱ्यांच्या चुकांसाठी होता.

त्या वर्षी आश्विनात तापाने सगळीकडे डोकं वर काढलं. धान निसवून लोंब्या आल्या होत्या, बांध्यांत, म्हणजे खाचरांत, पाणी होतं, डास मुबलक. माझ्या घरीही ताप आला. आम्ही राहत होतो ते गाव चोवीस नंबरचं, मोठं, बाजाराचं. आमची भाड्याची खोली त्या गावातलं एकाहत्तरावं घर. नियम म्हणजे नियम, म्हणून त्या भिंतीवरही मी गेरूने ०७१ लिहिलं होतं. बायकोला पाचवा महिना होता. हुडहुडी भरून ताप आला तेव्हा मी तिचंही रक्त घेतलं. ती म्हणाली, "माह्यं तरी नाव लिवा जी. मले काई जादूटोन्याची भीती नाई." मी म्हटलं, पद्धत सगळ्यांना सारखी. तिची संख्या झाली २४०७१०२७.

त्याच फेरीत मी सत्तावीस नंबरच्या गावात गेलो. तेवीस घरांचं गाव, नाल्याच्या पलीकडे. चौदाव्या घरातली बाई अंगणात गोधडी पांघरून बसली होती. तीही पोटुशी होती, साधारण माझ्या बायकोइतकीच. तिने बोट पुढे केलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. नवरा मला म्हणाला, "भाऊ, हिले अस्सल गोळी दे. मांगच्या खेपेची कामाची नोती." मी हसलो, चार गोळ्या दिल्या, रजिस्टरात संख्या लिहिली: २७०१४०२७. मग काचेवर पेन्सिलीने लिहिली. काय झालं, कुत्रं भुंकलं की पेन्सिल बोथट होती की मी पुढच्या घराकडे पाहत होतो, मला आठवत नाही. काहीच झालं नसावं, म्हणूनच आठवत नाही.

आठ दिवसांनी केंद्रात गेलो तो तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस होता. सकाळी घरून निघताना बायको डोकं धरून बसली होती. मधले चार-पाच दिवस ताप उतरला होता, आता डोकं ठणकतंय म्हणाली. मी म्हटलं, चहा घे, बरं वाटेल. केंद्रात डॉक्टर नव्हते. जीप घेऊन लसीकरणाला गेले होते, बाकीचे सगळे त्यांच्याबरोबर. फक्त लॅबवाले काका होते. त्यांनी मला दारातच थांबवलं. एरवी 'या मास्तर' म्हणणारा माणूस त्या दिवशी थेट चिठ्ठी पुढे करत होता.

मेंदूवर जाणारा जंतू. भरपूर. आणि संख्या २७०४१०२७.

मी मनातल्या मनात संख्या उलगडली. गाव सत्तावीस, घर एक्केचाळीस. सत्तावीसमध्ये एक्केचाळिसावं घरच नव्हतं. तेवीस घरांपुढे तिथे जंगल सुरू होतं.

"काका, तुम्ही उतरवताना चुकलात," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

त्यांनी रागावण्याऐवजी काचेची पट्टीच माझ्या हातात दिली. "तुमचंच अक्षर आहे, बघा."

माझंच अक्षर होतं. माझ्या सातला मी मधे आडवी रेघ मारतो. दोन्ही सातांना रेघ होती. ताळा लावून पाहिला. दोन आणि सात नऊ, चार तेरा, एक चौदा, दोन सोळा. सोळाचे सात. शेवटी सातच लिहिलेला होता. ताळा अगदी बरोबर होता, आणि या नंबरचा माणूस मात्र जगात नव्हता. एखादा आकडा चुकला असता तर ताळ्याने ओरडून सांगितलं असतं. ताळा गप्प होता, म्हणजे आकडे तेच होते, फक्त जागा बदलल्या होत्या. कुठल्या, ते तो सांगत नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मी रजिस्टर उघडलं. त्या फेरीतल्या सगळ्या नोंदींवरून बोट फिरवलं. दोन आकड्यांची अदलाबदल केल्यावर २७०४१०२७ होईल अशी कुठली संख्या आहे? पहिली सापडली २७०१४०२७. चौदाचे एक्केचाळीस झाले असतील. नाल्यापलीकडची ती बाई. मी सुटकेचा श्वास सोडला आणि केवळ शिस्त म्हणून पुढे बोट नेलं. पान उलटलं. तिथे होती २४०७१०२७. त्यातला चार आणि सात एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले. दोन, सात, शून्य, चार, एक, शून्य, दोन, सात.

मी ते तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा माझी बायको निघाली. जंतू नसलेल्या काचा काका नंबर न उतरवताच धुऊन टाकत, त्यामुळे दुसरी काच कोणाची होती हे पाहायची सोयही उरली नव्हती.

"काय झालं?" काका म्हणाले. मी त्यांना दोन्ही नोंदी दाखवल्या. दुसरी कोणाची आहे तेही सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. मग मला बाकावर बसवून पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मी तीस वर्षं नंबर उतरवतोय. हात चुकतो तो शेजारच्या आकड्यात. एक-चार शेजारी आहेत. चार-सात शेजारी नाहीत, मधे शून्य आहे. नाल्यापलीकडे जा. आधी तिकडे जा. तुमच्या बाई गावात आहेत, शेजार आहे."

ते बरोबर बोलत होते. मला तेव्हाही कळत होतं. दोघींना आणायचं तर होतंच, प्रश्न फक्त कोणाकडे आधी जायचं एवढाच होता. काकांना सायकल चालवता येत नव्हती, त्या पायाने चालणं तर दूरच. बाजारातून कोणाला पाठवावं तर बाहेरच्या माणसाला सत्तावीसमधून कोणी बाई उचलून देणार नव्हतं. ते फक्त मला ओळखत होते.

मी सायकल काढली.

केंद्रापासून कोसभर अंतरावर एका मोहाच्या झाडापाशी रस्ता फुटत होता. डावीकडे पाच किलोमीटरवर माझं घर. उजवीकडे आठ किलोमीटरवर नाला आणि पलीकडे सत्तावीस. त्या कोसभरात मी संख्येशी झटत होतो. भीती वाटली की लोक देवाचं नाव घेतात. माझ्या तोंडात आकडे येतात. २७०४१०२७ चे मधोमध दोन तुकडे केले: २७०४ आणि १०२७. २७०४ म्हणजे बावन्नचा वर्ग. बावन्न तेराच्या पाढ्यातले. १०२७ म्हणजे तेरा गुणिले एकोणऐंशी. म्हणजे सगळी संख्या तेराने जाते. जाते, पण त्याचा काय उपयोग? मी तिला भागत होतो, पिळत होतो, की तू कोणाची आहेस ते सांग. तिन्ही संख्यांतले फरक काढले. तिन्ही फरक नवाने जात होते. जाणारच. आकड्यांची जागा बदलली की फरक नवाने जातोच. संख्येला जे माहीत होतं ते ती सांगत होती, आणि मला हवं होतं ते तिला माहीतच नव्हतं, कारण मीच ते तिच्यात ठेवलं नव्हतं.

अकराचा ताळा ठेवला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. मधे एक आकडा सोडून झालेली अदलाबदल अकराच्या कसोटीला दिसत नाही. शेजारची मात्र लगेच दिसते. ताळा जुळला असता तर माझी बायको, नसता जुळला तर ती बाई. एका आकड्याचं काम होतं. एक जादा आकडा लिहायचा मला कंटाळा आला होता, असंही नाही. मला तो माझ्या हुशारीचा अपमान वाटला होता.

मोहाचं झाड आलं. मी डावीकडे वळलो.

इथे मला काही सजवून सांगायचं नाही. मी गोंधळलो नव्हतो, रस्ता चुकलो नव्हतो. काकांचं म्हणणं मला पटलं होतं, तरी मी डावीकडे वळलो. सकाळी डोकं धरून बसलेली बायको मला दिसत होती आणि हँडल उजवीकडे माझ्याच्याने वळलं नाही. चिखलात चाक रुतत होतं, मी उतरून ढकलत होतो, पुन्हा चढत होतो. बेशुद्ध पडली असेल का, दार आतून लावलेलं असेल का, शेजारणीला कळलं असेल का, हेच डोक्यात. दुसऱ्या बाईचा विचार मी केला नाही. केला असं म्हणालो तर ते खोटं होईल.

दार उघडंच होतं. बायको अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती आणि कोंबड्यांना शिव्या देत होती. मला अशा वेळी आलेला पाहून ती उभी राहिली.

"काय झालं जी? तोंड काऊन असं झालं?"

मी तिच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. डोळे पाहिले, गार पाण्यासारखे स्वच्छ. डोकं? "चाय घेतली अन् उतरलं." मला रडू आलं. अंगणातच खाली बसून मी रडलो, आणि रडता रडता तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, काच, दोन नोंदी. ती शेजारी बसून ऐकत होती, माझ्या पाठीवर हात होता तिचा. मी काका काय म्हणाले तेही सांगून गेलो. तिचा हात थांबला.

"म्हंजे ते म्हनत होते का तिकडे जा, अन् तुमी इथी आले?"

मी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"तिलेबी पाचवाच हाय नं?" तिने विचारलं. फेरीवरून आल्यावर मीच कधीतरी सांगितलं होतं. मी मान हलवली. ती उठली. मी बायकोला रागावलेली पुष्कळदा पाहिली आहे, पण त्या दिवशी ती रागावली नाही, घाबरली. माझ्याकडे बघून घाबरली. "उठा," ती म्हणाली, "इथी बसून काय पाहून राह्यले मले? मी काई मरत नाई. पळा."

मी तिच्या बोटाचा नवा थेंब काचेवर घेतला. तिनेच बोट दाबून दिलं. मग निघालो.

मोहाच्या झाडापर्यंत परत यायला जेवढा वेळ लागला तो मी नंतर अनेकदा मोजला. जाणं, घरचं बसणं आणि येणं मिळून पावणेदोन तास होतात. जास्त होतील, कमी नाही.

नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. सायकल काठावर टाकली आणि पाण्यात शिरलो. सत्तावीसमध्ये पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाव शांत होतं, माणसं धानाच्या बांधीवर. चौदाव्या घराच्या अंगणात तोच नवरा उकिडवा बसला होता. मला पाहून तो धावत आला आणि माझे दोन्ही हात धरले. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "भाऊ, तुले कसं समजलं?"

बाई आत बाजेवर होती. डोळे अर्धवट उघडे, पण बघत नव्हती. मधेच अंगाला झटका येई. तिची सासू तिच्या पायांना राख चोळत होती. सकाळपासून बडबडत होती, नवरा म्हणाला, दुपारपासून तेही बंद. मी तिच्या कानाशी वाकलो आणि मला कळेना, हिला हाक कशी मारायची. बाई? शून्य दोन? माझ्याकडे तिचं काहीच नव्हतं.

नवरा आणि बांधीवरून बोलावलेले त्याचे तीन भाऊबंद, चौघांनी बाज उलटी करून तिला तीत निजवलं आणि बाज खांद्यावर घेतली. मी पुढे वाट काढत चाललो होतो. नाल्यात बाज डोक्यांवर उचलली. मधोमध पाणी जोरात होतं, तिथे तिने एक लांब श्वास घेतला आणि मग काहीच ऐकू आलं नाही. चौघे थांबले. पाणी त्यांच्या कमरेला ओढत होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तू हाक मार. तुले शिकल्या मानसाची बोली येते. ती तुहं आयकन." आणि त्याने मला तिचं नाव सांगितलं.

भर पाण्यात, चार माणसांदेखत, त्याने ते नाव माझ्या स्वाधीन केलं. मी ते मोठ्याने घेतलं. दोनदा, तीनदा. घसा फुटेपर्यंत. काठ येईपर्यंत मी तिला हाका मारत होतो. तिने उत्तर दिलं नाही, पण श्वास पुन्हा ऐकू आला.

दिवस मावळता मावळता केंद्रात पोचलो. जीप परत आली होती, डॉक्टर होते. सलाईन लागलं, इंजेक्शन झालं. ती तीन दिवसांनी शुद्धीवर आली. पोटातलं मूल दुसऱ्याच दिवशी गेलं होतं.

माझ्या बायकोची काच काकांनी दोनदा तपासली. त्यात काही नव्हतं.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "दोन तास आधी आणलं असतं तर?" ते हात धूत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काय विचारतोय ते त्यांना कळलं असावं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "वाचलंही असतं, नसतंही." मला शिक्षा हवी होती किंवा माफी. त्यांनी मला जे दिलं त्याला कशानेच भाग जात नाही.

काकांनी मला कधीच विचारलं नाही की झाडापाशी तू कुठे वळलास. पण नंतर त्यांनी मला लेक्कल मास्तर म्हणणं सोडलं.

मी संख्येला अकराचा ताळा जोडला. नवाचा आणि अकराचा, दोन्ही. लिहून झाल्यावर आकडे उलटे वाचायचो, मग पुन्हा सुलटे. एका घरी पाच मिनिटं लागायची तिथे पंधरा लागू लागली. लोक म्हणायचे, भाऊला आता कमी दिसतं.

पुढच्या फेरीला सत्तावीसमध्ये गेलो. चौदाव्या घरासमोरून न थांबता जावं असं वाटत होतं. पण ती अंगणातच होती, भिंतीला टेकून, वाळलेली. तिने मला ओळखलं. तिने स्वतःहून बोट पुढे केलं, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. म्हणाली, "भाऊ, नाव लिव." मी काचेवर तिचं नाव लिहिलं. त्या गावातलं ते पहिलं नाव. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिने मला काचेसाठी दिलं होतं.

निघताना तिचा नवरा मागून आला. त्याच्या हातात पाय बांधलेली एक कोंबडी होती, तांबूस, पोसलेली. ती त्याने माझ्या हँडलला अडकवली. मी नको म्हटलं, परत परत म्हटलं. तो ऐकेना. "चिठ्ठी आली अन् तू तसाच पळत आला," तो म्हणाला. "नाला ओलांडून आला. सारं गाव म्हनते."

मला तिथे बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मग भीती वाटली. आज इतक्या वर्षांनी विचार केला तर त्या सगळ्या दिवसांतली ती सगळ्यात मोठी भीती होती. मी सायकलवर बसलो.

घरी आलो तर बायको दारात होती. पोट आता चांगलं दिसू लागलं होतं. तिने कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं, सत्तावीसमधून दिली. चौदाव्या घरातून.

"काऊन दिली?"

"मी पळत गेलो म्हणून."

ती सायकलपाशी आली. मग हँडलला अडकवलेली कोंबडी काढून घेतली, पायांची दोरी सोडली आणि तिला अंगणात ठेवलं.

"हे आपल्याले नाई खाता येत," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

कोंबडी थोडा वेळ होती तिथेच बसून राहिली. पाय मोकळे झालेत हे तिला कळायला वेळ लागला.